ठिपक्या पंखांची माशी



पत्रिकेवर विषय वाचून दोघातिघांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, की युनियनच्या माणसाने माश्यांवर बोलायचे म्हणजे युनियनचे काम संपले की काय? काम संपलेले नाही. किंबहुना त्या कामानेच मला या विषयाच्या दारात आणून उभे केले. माझे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढे जे काही पदरात पडले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार कचेरीच्या व्हरांड्यात. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. एका भांडणात मला एका डासाचे नाव समजून घ्यावे लागले, आणि त्या नावाचा माग काढता काढता मी जर्मनी, सिकंदराबाद, रोम आणि आपले अचलपूर असा फिरून आलो. ती हकीकत सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईच्या उपनगरात एका मोठ्या इमारतीचे काम चालू होते. सेंट्रिंगवाले, बिगारी आणि त्यांची बायकामुले मिळून शेदीडशे माणसे तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहात होती. जुलै महिन्यात एकामागून एक माणसे थंडी वाजून तापाने पडू लागली. रक्त तपासले तर मलेरिया. आमचे म्हणणे असे, की ठेकेदाराने औषधपाणी आणि बुडालेली मजुरी द्यावी. ठेकेदाराने दोन उत्तरे तयार ठेवली होती. पहिले उत्तर, ही माणसे ताप गावाहून अंगात घेऊन आली. दुसरे उत्तर, कुंपणापलीकडे उघडा नाला वाहतो, डास तिथले, आणि नाला महापालिकेचा.

पहिले उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मलेरियाच्या एका जातीचा जंतू यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो आणि पुन्हा डोके वर काढतो, हे मला डॉक्टरांनीच सांगितले. मग महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातला एक कामगार तिथे आला. हातात लांब दांड्याचे ओगराळे, खिशात काचेची नळी. त्याने स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि झाकण नसलेल्या पिंपात ओगराळे बुडवून पाहिले, नंतर नाल्यातही पाहिले. चार नळ्या ओळीने मांडल्या आणि म्हणाला, "साहेब, नाल्यातले क्यूलेक्स. हे पिंपातले आणि स्लॅबवरचे स्टीफेन्सी. ताप हे देतात." कामगार अधिकाऱ्यांनी विचारले, "कशावरून?" त्याने भिंग पुढे केले. ठेकेदाराच्या वकिलाने विचारले, "स्टीफेन्सी म्हणजे काय?" याचे उत्तर मात्र त्यालाही देता आले नाही, मलाही नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वकिलाला चार वर्षांनी दिलेले उत्तर समजा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. आपण मराठीत माशी वेगळी आणि डास वेगळा मानतो, आणि स्वयंपाकघरात ते बरोबरच आहे. पण शास्त्राच्या हिशेबात डास हीसुद्धा एक माशीच. मधमाशी, फुलपाखरू, चतुर यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. माशी आणि डास यांना मात्र एकच जोडी, आणि मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठी उरलेल्या असतात. उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. या साऱ्या द्विपंखी कुळातल्या हजारो जातींत एक गट असा आहे, की ज्याच्या पंखांच्या शिरांवर खवले असतात, आणि काळे व फिके खवले झुपक्यांनी बसल्यामुळे पंख ठिपकेदार दिसतो. ही ठिपक्या पंखांची माशी म्हणजे मलेरियाचा डास. ठिपके म्हणजे एक खूण. तेवढ्यावर भागत नाही, कारण या गटातल्या काहींचे पंख साफ असतात आणि बाहेरच्या काहींचे ठिपकेदार. म्हणून खुणा मोजून घ्याव्या लागतात. भिंतीवर बसताना हा डास डोके खाली आणि शेपूट वर असा तिरका बसतो. नाल्यातला क्यूलेक्स भिंतीला समांतर, पाठीला पोक काढून बसतो. याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडते. क्यूलेक्सची अळी श्वासाची नळी वर काढून उलटी लोंबकळते. आणि मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना ज्या मिशीसारख्या काड्या असतात त्या हिच्यात सोंडेइतक्याच लांब असतात. आमच्या त्या कामगाराने भिंगाखाली धरले ते हेच.

आता नाव. कीटकांची शास्त्रीय नावे ऐकली की सामान्य माणूस बिचकतो. मीही बिचकत होतो. पण त्यांची घडण आपल्या नावांपेक्षा सोपी आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली आणि तिच्यात प्रत्येक प्राण्याला दोनच शब्द दिले. पहिला शब्द कुळाचा, म्हणजे आपल्या आडनावासारखा; दुसरा त्या जातीचा स्वतःचा. प्राण्यांच्या नावांची नोंदवही तिथून सुरू झाली असे आजही धरतात. त्यापुढे ज्याने प्रथम वर्णन छापले त्याचे नाव आणि साल लिहितात. ॲनोफिलिस स्टीफेन्सी लिस्टन १९०१, एवढी ओळ वाचली की कळते, कुळ कोणते, जात कोणती, नोंद कोणी केली आणि केव्हा. नोंद करणाऱ्याचे नाव कंसात असेल तर त्याचाही अर्थ आहे: त्याने जात ओळखली खरी, पण तिला दुसऱ्या कुळात घातले होते, आणि पुढच्यांनी तिचे कुळ बदलले. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्टाय डासापुढे लिनियसचे नाव कंसात येते ते यामुळे.

आणखी एक नियम आहे, आणि मला तो फार आवडला. जो प्रथम नाव छापतो त्याचे नाव टिकते. मागाहून कोणी मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक आला आणि त्याने अधिक शोभिवंत नाव सुचवले तरी ते चालत नाही. पहिल्या नावाचा अर्थ चुकीचा निघाला तरीही चालत नाही. नाव ही ओळख आहे, वर्णन नव्हे. आपल्याकडे दगडू नावाचा माणूस मऊ स्वभावाचा निघाला म्हणून कोणी त्याचे नाव बदलत नाही, तसेच हे. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे ॲनोफिलिस हेच नाव. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ निरुपयोगी, कुचकामी. ज्या प्राण्याने तापाने माणसांच्या पिढ्या कापून काढल्या, त्याला शास्त्राने कुचकामी एवढेच म्हणून ठेवले आहे.

हे नाव ठेवणारा मनुष्य माझ्या जिव्हाळ्याचा आहे. योहान विल्हेल्म मायगेन हा १७६४ साली जर्मनीतल्या झोलिंगेन गावी जन्मला. हे गाव चाकू-सुऱ्यांच्या धंद्याचे. घरची गरिबी, विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. फ्रेंच शिकवून तो पोट भरी, आणि जन्मभर स्टोलबर्ग गावी शिकवण्या आणि कारकुनी करत राहिला. उरलेल्या वेळात माश्या. त्या काळच्या पद्धतीत माश्यांचे वर्गीकरण तोंडाच्या अवयवांवरून करत, आणि ते अवयव इतके बारीक की साध्या भिंगाने दिसणे मुष्किल. मायगेनने म्हटले, पंखावरच्या शिरांची नक्षी पाहा, मिशा पाहा. जे दिसते त्यावरून ओळखा. हत्यार साधे असले की माणूस उपयोगाची खूण शोधतो, ती अशी. १८१८ पासून १८३८ पर्यंत त्याने युरोपातल्या द्विपंखी कीटकांचे सात खंड छापले. प्रयोगशाळांतून जिच्यावर आनुवंशिकतेचे सारे शास्त्र उभे राहिले त्या फळमाशीचे जातिनाम त्याचेच, १८३० सालचे.

सात खंडांपैकी पहिल्या खंडात, १८१८ साली, त्याने डासांतून एक नवे कुळ वेगळे काढले आणि त्याला ॲनोफिलिस म्हटले. दुसऱ्या एका कुळाला एडिस म्हटले. त्याचा अर्थ नकोसा. माणूस डासांना वैतागलेला होता हे उघड आहे! आणि ॲनोफिलिस कुळातल्या एका जातीचे नाव त्याने ठेवले मॅक्युलिपेनिस. मॅक्युला म्हणजे ठिपका, पेना म्हणजे पीस किंवा पंख. ठिपक्या पंखांची. मलेरियाशी या माशीचा काही संबंध असेल अशी शंकाही त्या काळी कोणाला नव्हती. ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो अशीच सर्वांची समजूत होती. मायगेनने फक्त पाहिले, वेगळी ओळखली आणि नोंद करून ठेवली.

त्याच्या हातून एक घोटाळाही झाला, तोही सांगून टाकतो. १८०० साली त्याने पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत एक छोटी पुस्तिका काढली आणि तिच्यात माश्यांच्या कुळांना नावे दिली. तीन वर्षांनी दुसरा लेख लिहिला तेव्हा त्यातली अनेक नावे त्याने स्वतःच बदलली. लोकांनी दुसरी नावे घेतली आणि पुस्तिका विसरली गेली. १९०८ साली हेंडेल नावाच्या अभ्यासकाने ती उकरून काढली आणि म्हटले, पहिली नावे हीच, तेव्हा नियमाप्रमाणे हीच चालली पाहिजेत. झाले! पुढची पन्नासावर वर्षे एकाच माशीला काही जण एक नाव लावत, काही जण दुसरे. अखेर नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९६३ साली ती पुस्तिकाच नावांच्या दृष्टीने रद्दबातल ठरवली. नियम माणसांच्या सोयीसाठी असतो, आणि तो गैरसोय करू लागला तर बाजूला कसा ठेवायचा यालाही रीतसर पद्धत असते, हे मला या प्रकरणातून उमगले. आमच्या क्षेत्रातल्या काही कायदेपंडितांनी हे प्रकरण वाचावे.

मायगेन १८४५ साली वारला. त्याच वर्षी बॉन विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरची पदवी दिली. एक्क्याऐंशीव्या वर्षी!

आता आपण हिंदुस्थानात येऊ. १८९५ साली रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर सिकंदराबादला आला. त्याचा जन्म इथलाच, अल्मोड्याचा. लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सनने त्याच्या डोक्यात एक कल्पना भरून दिली होती, की मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढत असावा. रॉसने डास पकडायचे, रोग्याला चाववायचे आणि पोट फाडून पाहायचे, असा सपाटा लावला. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून काम करावे लागे, कारण वाऱ्याने फाडलेले डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. पण त्याच्यापुढची खरी अडचण वेगळीच होती. डासांची नावे त्याला ठाऊक नव्हती. तो डॉक्टर होता, कीटकशास्त्रज्ञ नव्हे. आणि छावणीत त्या विषयाचे पुस्तक मिळण्याची सोय नव्हती. म्हणून त्याने आपल्यापुरती नावे पाडली: राखी डास, पट्ट्यापट्ट्यांचा डास. आज आपण सांगू शकतो, की राखी म्हणजे क्यूलेक्स आणि पट्ट्यांचा म्हणजे एडिस. माणसाचा मलेरिया दोघांच्याही पोटात वाढत नाही. दोन वर्षे तो गृहस्थ चुकीच्या दुकानात माल शोधत होता.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्याच्या माणसांनी आणलेल्या अळ्यांतून निराळेच डास निघाले. तपकिरी, सडपातळ, पंखांवर ठिपके. त्याच सुमारास इस्पितळातल्या एका सहायकाने भिंतीवर शेपूट उचलून बसलेला एक डास रॉसला दाखवला. रॉसने आपल्या आत्मवृत्तात हे प्रांजळपणे लिहिले आहे, आणि त्या सहायकाचे नाव आपण विसरलो याबद्दल खेदही व्यक्त केला आहे. खेद खरा असेल. परंतु श्रोतेहो, डासाच्या नावासाठी आयोग बसतात आणि डास दाखवणाऱ्याचे नाव मात्र हरवते, हे मला वाचून पुढे जाता आले नाही. आमच्याकडे एका कामगाराचे नाव हजेरीपटावर एक, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे होते. तीन माणसे नसून हा एकच आहे हे सिद्ध करण्यात सहा वर्षे गेली. त्या साहेबांना मायगेनच्या पुस्तिकेचा निकाल वाचायला दिला असता तर बरे झाले असते. असो.

ज्याला ते डास चावले त्या रोग्याचे नाव मात्र टिकले आहे. हुसेन खान. मच्छरदाणीत डास सोडायचे आणि चावू द्यायचे, दर डासाला एक आणा. दहा डास, दहा आणे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसने त्यांतला एक डास फाडला आणि पोटाच्या भिंतीत मलेरियाचे काळे कण असलेल्या पेशी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एकात त्या दिसल्या, अधिक वाढलेल्या.

आता ही गोष्ट जगाला सांगायची कशी? शोध लागला, पण कोणत्या डासात? डिसेंबर १८९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख छापून आला त्यात डासाचे नाव नाही. पंखाच्या पुढच्या शिरेवर चार काळे ठिपके, अंडी जुन्या काळच्या होड्यांच्या आकाराची, असे वर्णन आहे. बिचाऱ्याने जे दिसले ते चोख लिहिले. पण लंडनमधला किंवा रोममधला माणूस ते वाचून आपल्या गावच्या डासाशी ताडून पाहणार कसा? मायगेनने एकोणऐंशी वर्षांपूर्वी त्या कुळाला नाव देऊन ठेवले होते, त्यातल्या एका जातीला तर ठिपक्या पंखांची असेच म्हटले होते, आणि सिकंदराबादचा डॉक्टर त्याच कुळातल्या माशीला पुन्हा ठिपक्या पंखांची म्हणत होता. एक जर्मन शिक्षक आणि एक लष्करी डॉक्टर, दोघांच्या नजरेत भरली ती एकच खूण. पण मध्ये नावाचा पूल नव्हता.

तेवढ्यात रॉसची बदली झाली. सप्टेंबरात त्याला राजपुतान्यात खेरवाड्याला धाडले, तिथे मलेरियाचे रोगी फारसे नाहीत. पुढे १८९८ साली कलकत्त्यात महंमद बक्ष या मदतनिसाला घेऊन त्याने पक्ष्यांच्या मलेरियावर काम केले आणि जंतू डासाच्या लाळेतून दुसऱ्या पक्ष्यात जातो हे सिद्ध केले. गंमत अशी, की पक्ष्यांचा मलेरिया पसरवणारा डास निघाला राखी, ज्याने सिकंदराबादेत त्याला दोन वर्षे झुलवले तोच.

माणसाच्या मलेरियाचा डास नावानिशी पकडला तो इटलीत. बातिस्ता ग्रासी हा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता; त्याला नावे येत होती. त्याने साधा प्रश्न विचारला: डास सगळीकडे आहेत, मलेरिया सगळीकडे नाही, मग जिथे ताप आहे तिथेच सापडणारा डास कोणता? १८९८ च्या उन्हाळ्यात तो इटलीतल्या तापाच्या आणि बिनतापाच्या गावांतून डास गोळा करत हिंडला. संशय येऊन थांबला तो एका मोठ्या डासावर, ज्याला तिथले लोक झांझारोने म्हणत. लोकांजवळ स्वतःचे नाव होतेच, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोव्हेंबरात रोमच्या इस्पितळात या डासांकरवी निरोगी माणसाला मलेरिया झाला आणि प्रश्न मिटला. हा झांझारोने म्हणजे मायगेनची मॅक्युलिपेनिस. ग्रासीने मात्र तिला क्लॅव्हिजर म्हटले. आज ते नाव दुसऱ्याच एका जातीचे आहे, आणि त्या जातीच्या पंखांवर ठिपके नाहीत! नावे येणारा माणूसही नावात घसरला तो असा. रॉस आणि ग्रासी यांच्यात श्रेयावरून जे भांडण जुंपले ते जन्मभर मिटले नाही. नोबेल पारितोषिक १९०२ साली एकट्या रॉसला मिळाले. माझे मत विचाराल तर रॉसने कुलूप उघडले आणि दारावर पाटी लावली ती ग्रासीने. पारितोषिकात दोघांचा वाटा हवा होता.

यानंतर डासांची जी खानेसुमारी सुरू झाली ती पाहण्यासारखी आहे. लंडनच्या संग्रहालयाकडे साम्राज्यातून पेट्याच्या पेट्या डास येऊ लागले आणि थिओबाल्डने त्यांवर १९०१ ते १९१० या काळात पाच खंड लिहिले. आणि इथे आपले वऱ्हाड येते. एलिचपूरच्या छावणीत, म्हणजे आपल्या अचलपूरला, ग्लेन लिस्टन नावाचा लष्करी डॉक्टर वर्षभर ॲनोफिलिस डासांच्या सवयी टिपत होता. कुठल्या पाण्यात कोणता डास वाढतो, कुठे बसतो, केव्हा दिसतो. १९०१ साली त्याने ते छापले, आणि त्यात एका नव्या जातीचे वर्णन केले. तिला त्याने स्टीफेन्सी म्हटले. त्या वेळी मलेरियाच्या तपासासाठी विलायतेहून आलेल्या आयोगात स्टीफेन्स नावाचे संशोधक होते, त्यांच्या सन्मानार्थ. लॅटिनमध्ये शेवटी ई लावली की षष्ठी होते: स्टीफेन्सी म्हणजे स्टीफेन्सची. वकीलसाहेब, हे तुमचे उत्तर. सिकंदराबादेत रॉसच्या हाती लागली तीही हीच जात असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

लिस्टन पुढे मुंबईला प्लेगच्या संशोधनात गुंतले. पण त्यांनी नोंदवलेला डास मुंबईत त्यांच्या आधीच मुक्कामाला होता. मुंबईत मलेरिया का वाढतो याचा तपास करायला डॉक्टर बेंटली यांना नेमले होते. त्यांचा अहवाल १९११ साली निघाला. अपराधी ठरला तो स्टीफेन्सी, आणि त्याचे घर म्हणजे दलदल नव्हे, नाला नव्हे, तर वाड्यावाड्यांतल्या स्वच्छ पाण्याच्या विहिरी आणि टाक्या. शहरभर गहजब झाला. विहिरी बुजवा म्हटल्यावर पारशी आणि हिंदू, दोन्ही समाजांतून धर्माच्या नावाने विरोध आला. मग काही विहिरींना जाळीची झडप बसवून पाणी काढायला वाट ठेवावी, अशी तडजोड निघाली. घाणीने ताप येतो ही समजूत इतकी मुरलेली, की स्वच्छ विहिरीवर आरोप लोकांना सहन होईना. डासाचे नाव कळले म्हणजे पाणी कळते, आणि पाणी कळले की मालक कळतो. मुंबईत तेव्हा हा डास घरमालकांच्या विहिरीत निघाला. आमच्या कामावर तो ठेकेदाराच्या पिंपात निघाला.

नाव एकदा लागले म्हणजे तपास संपला, असेही नाही. युरोपात मॅक्युलिपेनिसने हा धडा शिकवला. ग्रासीच्या शोधानंतर लोक हिंडून पाहतात तो ठिपक्या पंखांची माशी पुष्कळ आहे आणि मलेरिया मुळीच नाही, असे प्रदेश सापडू लागले. मग सिद्धांत खोटा की काय? वीसपंचवीस वर्षे हे कोडे पडून होते. ते सोडवण्याची किल्ली सापडली इटलीच्या आरोग्य खात्यातल्या फालेरोनी नावाच्या एका माणसाला, १९२६ साली. तो एकेक मादी वेगळी ठेवून तिची अंडी पाहात असे. पंख सारखे, सोंड सारखी, पण अंड्यांवरची नक्षी निरनिराळी! एका मादीची अंडी नेहमी एकाच नक्षीची. म्हणजे मॅक्युलिपेनिस या एका नावाच्या छपराखाली अनेक जाती नांदत होत्या. काही गुरांचे रक्त पिऊन समाधानी. काही माणसाच्या वैरी. फालेरोनीने दोन जातींना आपल्या खात्यातल्या वरिष्ठांची नावे दिली: मेसीए आणि लाब्रांकीए. पुढे असे ठरले, की इटलीच्या तापाला मुख्यतः लाब्रांकीए जबाबदार आणि मेसीए बहुतांशी निरुपद्रवी. साहेबाला खूष करण्याचे अनेक प्रकार मी पाहिले आहेत, पण मलेरियाचा डास साहेबाच्या नावे करणे हे धारिष्टच म्हणायचे!

आपल्या खेड्यापाड्यांतला मुख्य वाहक, क्युलिसिफेसीज, याचीही तीच कथा झाली. जाइल्सने १९०१ साली दिलेल्या त्या एका नावाखाली आता पाच जाती ओळखल्या आहेत. डोळ्यांना त्या एकसारख्याच दिसतात. पेशींतली गुणसूत्रे तपासावी लागतात. त्यांना स्वतंत्र लॅटिन नावे नाहीत. ए, बी, सी, डी आणि ई अशी अक्षरेच आहेत. आमच्या ठेक्यावरच्या माणसांना नुसते टोकन नंबर असतात, त्याची मला आठवण झाली.

ओळख चुकली किंवा उशिरा पटली तर काय होते याचा दाखला अगदी अलीकडचा आहे. आफ्रिकेच्या शिंगावर जिबूती हा चिमुकला देश आहे. २०१२ साली तिथे मलेरियाच्या अवघ्या २७ रोग्यांची नोंद होती. देश मलेरियामुक्त होणार अशी चिन्हे होती. त्याच वर्षी तिथल्या बंदराच्या शहरात स्टीफेन्सी सापडला. आफ्रिकेचे ओळखीचे मलेरियावाहक खेड्यातले, पावसाच्या डबक्यांतले. त्यांच्यासाठी बनवलेल्या ओळखपत्रिकेत या हिंदुस्थानी पाहुण्याची खूण शोधायला कोण जाणार? हा तर शहरातल्या टाक्यांत आणि पिंपांत राहणारा. २०२० साली जिबूतीत मलेरियाचे रोगी ७३ हजारांवर गेले. वाढीची कारणे एकाहून अधिक असतील, परंतु या डासाकडे बोट दाखवल्यावाचून कोणालाही पुढे जाता आलेले नाही. २०१६ साली तो इथिओपियात सापडला. आता तिकडच्या आरोग्यसेवकांना पंखावरचे ठिपके आणि सोंडेशेजारच्या काड्यांवरचे पांढरे पट्टे मोजायला शिकवतात. अचलपूरच्या छावणीत छापलेले वर्णन तिकडे कामाला आले आहे.

आता आमच्या भांडणाचे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. पिंपात अळी सापडली म्हणून प्रत्येकाचा ताप त्या पिंपातलाच, असे गणितासारखे सिद्ध होत नाही, हे मी तेव्हाही कबूल केले आणि आजही करतो. पण नाल्याची सबब त्याच दिवशी निकालात निघाली, कारण नाल्यातला डास तो नव्हे. गावची सबब अशी ढिली पडली, की आजाऱ्यांतली चार माणसे मुंबईतच जन्मलेली होती आणि एक मूल तर त्याच जागेवर जन्मले होते. वकिलाने सुनावणीत आणखी दोनदा नावाचा उच्चार विचारून घेतला. शेवटी तडजोड झाली: औषधपाण्याचा खर्च पूर्ण, बुडालेली मजुरी निम्मी. पिंपांना झाकणे आली, लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी पंपाने उपसले, आणि स्लॅबवरचे पाणी आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुकवायचे असे ठरले. कीटकनाशक खात्याचा तो कामगार पुढे दोन महिने दर शुक्रवारी येत असे. मीही त्याच्यामागे हिंडत असे. ओगराळे पाण्यावर सावली न पाडता कसे बुडवायचे, आणि अळ्या दचकून तळाशी गेल्या तर त्या वर येईपर्यंत किती वेळ गप्प उभे राहायचे, हे त्याने मला शिकवले. तो स्वतः अजून ठेक्यावरच आहे. त्याला कायम करण्याबद्दलचा अर्ज आम्ही दिलेला आहे.